तारापूरची कैफियत : अणुविरोधी साक्षीवाङ्मयाचे एक परीक्षण

जुन्या मराठी न्यायव्यवहाराचे कागद ज्यांनी चाळले आहेत, त्यांना कैफियत आणि महजर यांतील भेद सांगावयास नको. कैफियत ही एका पक्षाने मांडलेली आपली हकीकत असते. महजर हा सभेने उभय पक्षांचे म्हणणे ऐकून, साक्षीदारांची जबानी घेऊन, सभासदांच्या नावांनिशी सिद्ध केलेला लेख असतो. कैफियतीत सोसलेल्या माणसाचा जिव्हाळा असतो, महजरात निर्णयाचा अधिकार असतो. कैफियत खोटीच असते असे नव्हे. किंबहुना तिच्यावाचून महजर उभाच राहू शकत नाही. तथापि एकीचे काम दुसऱ्याकडून करवून घेऊ पाहिले, की दोहोंचीही हानी होते. तारापूर येथील अणुवीजकेंद्राविषयी त्याच्या विरोधकांनी जे वाङ्मय निर्माण केले, त्याचे परीक्षण प्रस्तुत लेखात या भेदाच्या आधारे करावयाचे आहे.

पत्रके, नियतकालिके, निवेदने आणि अनुबोधपट यांना 'वाङ्मय' म्हणावे काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु ज्या भाषेने बखर, करीना आणि तकरीर यांना आपल्या गद्याच्या इतिहासात स्थान दिले, त्या भाषेच्या अभ्यासकाने ही शंका फार ताणू नये. लोकांनी आपले गाऱ्हाणे कोणत्या शब्दांत मांडले आणि त्या शब्दांनी काय सिद्ध झाले, हा प्रश्न गद्याच्या परीक्षणाचाच आहे.

प्रथम विषयाची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. भारत आणि अमेरिका यांच्यामध्ये १९६३ साली झालेल्या करारान्वये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या आराखड्याच्या दोन उत्कलनजल अणुभट्ट्या तारापूरच्या किनाऱ्यावर उभारण्यात आल्या आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्यांची व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. प्रत्येकीची मूळ क्षमता २१० मेगावॉट होती. पुढे ती १६० मेगावॉटवर आणावी लागली. त्यांच्याशेजारी प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, जड पाण्यावर चालणाऱ्या आणखी दोन अणुभट्ट्या २००५ व २००६ साली सुरू झाल्या. या दुसऱ्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठविण्यात आली, व त्यांच्या पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. हा प्रदेश त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी.

अणुविरोधी विचारास आपल्या देशात ग्रंथरूप देण्याचा आरंभीचा प्रयत्न म्हणून धीरेंद्र शर्मा यांच्या 'इंडियाज न्यूक्लियर इस्टेट' या १९८३च्या पुस्तकाचा उल्लेख करावा लागतो. १९८७पासून गुजरातेतील वेडछी येथून सुरेंद्र गाडेकर यांच्या संपादनाखाली 'अणुमुक्ती' हे नियतकालिक निघू लागले. महाराष्ट्रात या विचाराला खरी लोकचळवळीची धार आली ती रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर प्रकल्पाच्या निमित्ताने. कोकण बचाव समिती आणि माडबन-नाटे परिसरातील ग्रामस्थ यांनी उभ्या केलेल्या या विरोधात तारापूरला एक विशेष स्थान प्राप्त झाले. माडबनच्या लोकांना जे भविष्यात घडेल असे वाटत होते, ते तारापूरच्या लोकांनी भोगून झाले आहे, असा हा युक्तिवाद होता. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे झालेल्या गोळीबारात एक आंदोलक मृत्युमुखी पडला. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी माजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत, माजी नौदलप्रमुख रामदास प्रभृतींच्या सहभागाने जी यात्रा निघाली, ती तारापूरहून जैतापूरकडे जावयाची होती. पोलिसांनी ती अडविली. तरी यात्रेच्या या मार्गातच चळवळीचा सारा तर्क साठविलेला होता. तारापूर हा साक्षीदार होता.

या साक्षीला स्वतंत्र कलारूप मिळाले ते प्रदीप इंदुलकर यांच्या 'हाय पॉवर' या २०१३च्या अनुबोधपटात. इंदुलकर हे भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले अभियंते. पुढे ते जैतापूरविरोधी चळवळीत वावरले. सुमारे सत्तावीस मिनिटांच्या या पटाचा भर तारापूर परिसरातील माणसांच्या बोलण्यावर आहे: विस्थापन, बुडालेली मासेमारी व शेती आणि मुख्यतः आजार. रिओ दि जानेरो येथील युरेनियम चित्रपट महोत्सवात त्यास पारितोषिक मिळाले. अणुशक्तीच्या विरोधात आपल्याकडे जे निर्माण झाले, त्यात या कृतीचे स्थान महत्त्वाचे आहे, हे निःसंशय. म्हणूनच तिची परीक्षा सौम्य असता कामा नये.

या साक्षीचे दोन भाग पाडून पाहणे अवश्य आहे. पहिला भाग विस्थापनाचा. घर कोठे होते, जमीन किती गेली, काय देऊ केले होते आणि काय हाती आले, हे सांगण्यास विस्थापितापेक्षा अधिक समर्थ साक्षीदार असू शकत नाही. येथे अनुभव हाच पुरावा होय. ज्या प्रकल्पाने शेकडो मेगावॉट वीज निर्माण केली, त्याच्या कुंपणाबाहेरील माणूस आपल्या वाट्याला काय आले याची हकीकत सांगतो, तेव्हा त्याला प्रयोगशाळेचा दाखला मागणे हे अरसिकपणाचे आणि अन्यायाचेही आहे. या भागापुरती अणुविरोधी साक्ष पूर्णपणे टिकते; आणि आश्चर्य असे की, विरोधकांनी स्वतःच या भागास दुय्यम लेखले आहे.

दुसरा भाग आजारांचा. कर्करोग, गर्भपात, मुलांतील व्यंगे यांविषयी जे बोलले जाते ते दुःख म्हणून खरेच असते. त्याविषयी शंका घेण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु 'मला हा आजार झाला' आणि 'मला हा आजार त्या केंद्रामुळे झाला' ही दोन विधाने व्याकरणाने जितकी जवळची, तितकीच प्रमाणशास्त्राने दूरची आहेत. पहिल्याचा साक्षीदार रुग्ण स्वतः आहे. दुसऱ्याचा साक्षीदार एकटा मनुष्य होऊच शकत नाही. तेथे संख्या लागते, आणि संख्येबरोबर तुलना लागते. विरोधी वाङ्मय या दोन विधानांमधील अंतर करुणेच्या बळावर ओलांडू पाहते, हा त्याचा मुख्य दोष होय. श्रोत्याचे मन हेलावते, प्रतिपक्षाचे मत मात्र हलत नाही. आणि ज्याच्या दुःखाचा हवाला दिला, त्याच्याच शब्दावर 'भावनिक' असा शिक्का बसतो.

तारापूरच्या बाबतीत हा दोष अधिकच जाचक ठरतो, याचे कारण तेथील भूगोलात आहे. अणुवीजकेंद्र आणि बोईसर यांच्या दरम्यानच्या त्याच पट्ट्यात तारापूर औद्योगिक वसाहत पसरली आहे. रंग, रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे शेकडो कारखाने तेथे आहेत, आणि त्यांचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचे जे मूल्यमापन केले, त्यात तारापूर सर्वाधिक प्रदूषित ठरले. अणुभट्टीही समुद्रास काही देतेच. तिच्यातील उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांशच विजेत रूपांतरित होते, उरलेली थंडाव्याच्या पाण्याबरोबर बहुतांशी समुद्रात जाते. अशा स्थितीत दांडी-उच्छेळीच्या कोळ्याच्या जाळ्यात मासळी का येत नाही, याचे उत्तर गरम पाणी, रासायनिक सांडपाणी, यांत्रिक बोटींची बेसुमार मासेमारी यांपैकी एकात आहे की सर्वांत, हे निव्वळ साक्षीवरून ठरविता येत नाही. ज्या कृतीत तारापूर दिसते, पण बोईसरच्या चिमण्या हिशेबात येत नाहीत, ती कृती एका आरोपीला उभे करून दुसऱ्यास सुटू देते.

यावर कोणी म्हणेल की, गरीब संस्थेने मोजमाप करावे तरी कसे? परंतु याचे उत्तर याच चळवळीच्या इतिहासात आहे. १९९१ साली संघमित्रा आणि सुरेंद्र गाडेकर यांनी राजस्थानातील रावतभाटा अणुकेंद्राजवळच्या गावांची आरोग्यपाहणी केली. त्या पाहणीचे वैशिष्ट्य असे, की केंद्रालगतच्या गावांच्या जोडीला दूर अंतरावरची, अन्यथा सारखी असणारी गावेही घेतली होती. जवळच्या गावांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण अधिक आढळले, असा निष्कर्ष त्यांनी 'अणुमुक्ती'तून मांडला. पाहणी विरोधकांनीच केली होती, हा आक्षेप तिच्यावर घेता येईल. तिची पद्धत तपासता येईल, तीच पाहणी पुन्हा करता येईल. पण ज्याला तपासता येते त्यालाच पुरावा म्हणतात. त्या दूरच्या गावाने रावतभाट्याच्या कैफियतीला महजराच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवले. तारापूरच्या साक्षीवाङ्मयात हे दूरचे गाव नाही.

एवढे म्हटल्यावर न्यायाचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. सरकारी पक्षाचे लेखन महजर आहे काय? अणुवीजकेंद्रांतील कर्मचारी व त्यांची कुटुंबे यांच्या पाहणीत कर्करोगाचे अधिक प्रमाण आढळले नाही, असे त्या पक्षातर्फे टाटा स्मारक केंद्राच्या हवाल्याने सांगितले जाते. पाहणी प्रामाणिक मानली, तरी वैद्यकीय तपासणीतून निवडून घेतलेला कर्मचारी आणि घिवलीचा मच्छीमार ही एकच लोकसंख्या नव्हे. परिसरातील किरणोत्सर्गाचे मोजमाप जी प्रयोगशाळा करीत आली, ती अणुऊर्जा विभागाच्याच कुटुंबातील. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले खरे. पण ते ज्यांच्यावर देखरेख करावयाची त्यांच्याच छत्राखाली राहिले, आणि या परावलंबनावर महालेखापरीक्षकांनी २०१२च्या आपल्या अहवालात बोट ठेवले. सारांश, हीसुद्धा कैफियतच आहे. फक्त ती चांगल्या कागदावर छापलेली आहे.

दोन्ही कैफियती राहिल्या, महजर झालाच नाही, याचे कारण मुंबईत चाललेल्या एका खटल्यात स्पष्ट होते. नियामक मंडळाने, ए. गोपालकृष्णन हे अध्यक्ष असताना, १९९५ साली देशातील अणुकेंद्रांच्या सुरक्षिततेविषयी सुमारे १३० मुद्द्यांचा एक दस्तऐवज तयार केला होता. तो प्रसिद्ध व्हावा म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि मुंबई सर्वोदय मंडळ या संस्थांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ती फेटाळली गेली, आणि जानेवारी २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही १९६२च्या अणुऊर्जा कायद्यातील गुप्ततेचे कलम वैध ठरविले. माझ्या मते अणुविरोधी संस्थांनी महाराष्ट्रात निर्माण केलेल्या लेखनात ही याचिका सर्वांत मोलाची आहे. तिच्यात करुणा नाही, उपमा नाहीत. 'तुमच्याच कागदात काय लिहिले आहे ते आम्हास वाचू द्या', एवढीच मागणी आहे. ती हरली तरी वादाचे खरे स्थान तिने दाखवून दिले.

ही मागणी मान्य झाली असती तर काय घडले असते, याचे अनुमान त्याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका प्रकरणावरून करता येते. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. नमुने घेता येत होते, मर्यादा जाहीर होत्या, मंडळाच्या नोंदी न्यायासनापुढे आणता येत होत्या. परिणामी २०२२च्या आरंभी लवादाने सामाईक प्रक्रिया केंद्र आणि सुमारे शंभर कारखाने यांच्यावर मिळून शंभर कोटी रुपयांहून अधिक भरपाई बसविली. त्यावर पुढे अपिले झाली, हे खरे. परंतु मच्छीमारांच्या शब्दास अंकांची जोड मिळताच त्याचे वजन किती वाढते, हे या निकालाने सिद्ध केले. मच्छीमार तेच, समुद्रही तोच. भेद होता तो केवळ नोंदवही कोणाच्या हाती आहे, याचा.

म्हणून अणुविरोधी संस्थांच्या लेखनाविषयी जो निष्कर्ष निघतो तो असा. अणुशक्ती नको, असे म्हणण्याचा त्यांचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु त्या नकाराचे समर्थन जेव्हा जेव्हा रुग्णाच्या एकट्या खांद्यावर टाकण्यात आले, तेव्हा तेव्हा ते दुबळे ठरले. विस्थापनाची साक्ष तिच्या पूर्ण अधिकाराने मांडावी. आजारांची साक्ष प्रश्न म्हणून मांडावी आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी ज्याच्या हाती नोंदी आहेत त्याच्यावर ठेवावी. गावोगावच्या जन्ममृत्यूंची, आजारांची आणि मासळीची टिपणे लोकांनी स्वतः वर्षानुवर्षे ठेवावी. आणि प्रत्येक पाहणीत एक दूरचे गाव असावे.

हे केवळ पद्धतीचे सूक्ष्म विवेचन आहे, असे कोणी समजू नये. २०२५च्या डिसेंबरात संसदेने जुन्या अणुऊर्जा कायद्याच्या जागी नवा कायदा संमत करून या क्षेत्रात खासगी भांडवलास वाट करून दिली आहे. म्हणजे नोंदवह्यांचे मालक आता वाढणार आहेत. तारापूरच्या उत्तरेस वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४मध्ये झाली असून तेथेही किनाऱ्यावरच्या लोकांना आपली कैफियत मांडावी लागत आहे. राजवाड्यांच्या पिढीने बखरीपेक्षा समकालीन कागदास अधिक प्रमाण मानावयास आपणास शिकविले. तोच धडा येथे लागू आहे: उद्या निवाडा मागावयाचा असेल, तर आजचा कागद आजच लिहून ठेवला पाहिजे.