गेज पास झालं, पण जॉब?

समोर निम्मे लोक पहिली शिफ्ट करून आलेले दिसतात, म्हणून सुरुवात मेंदूपासून न करता पिनपासून करतो. भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये लेथवर काढलेली पिन चाकणला लाइनवर जाते आणि पहिल्या फटक्यात बसते. ज्यानं ती काढली आणि जो ती बसवतो, त्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. मधे ड्रॉइंग असतं, त्याचा रिव्हिजन नंबर असतो, गेज असतं.

मेंदूच्या एमआरआयवर संशोधन करणाऱ्यांकडं बरीच वर्षं असं काही नव्हतं. प्रत्येक लॅबची मांडणी वेगळी. फाइलींची नावं ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘सरांना दाखवलेली’. (हशा) विद्यार्थी पीएचडी घेऊन गेला की कुठली फाइल कुणाची, हे सांगणारं कुणी उरत नसे. २०१६ मध्ये गोर्गोलेव्स्की, पोल्ड्रॅक आणि सहकाऱ्यांनी ‘सायंटिफिक डेटा’ या नियतकालिकात ‘ब्रेन इमेजिंग डेटा स्ट्रक्चर’, म्हणजे बिड्स, मांडलं. त्याचं आज परीक्षण करायचंय, पुस्तकाचं करतात तसं. मानक हेही कुणीतरी लिहिलेलंच असतं. काय विचारायचं, काय सोडायचं, हे त्या लिहिणाऱ्यांनी ठरवलेलं असतं.

आधी कौतुक. बिड्सचा मोठेपणा त्याच्या साधेपणात आहे. महागडं सॉफ्टवेअर नाही, डेटाबेस नाही, नुसते फोल्डर. एका माणसाला एक फोल्डर, त्यात रचनेची चित्रं एकीकडं, काम करतानाच्या मेंदूची दुसरीकडं. फाइलच्या नावातच माणसाचा क्रमांक, त्याला दिलेलं काम आणि चित्राचा प्रकार. चित्र निफ्टी स्वरूपात. शेअर बाजारातला निफ्टी नव्हे. शेजारी त्याच नावाची छोटी मजकुराची फाइल, स्कॅन कसा घेतला ते सांगणारी. एका फेरीला लागलेला वेळ सेकंदातच लिहायचा. मशिनमधून येणाऱ्या डायकॉम फाइलमध्ये तोच मिलिसेकंदात असतो. २ की २०००? ड्रॉइंगवरचा इंच-मिलिमीटरचा घोळ ज्यानं निस्तरलाय, त्याला ह्या एका नियमाची किंमत वेगळी सांगायला नको.

सगळं नीट बसलंय का हे बघायला व्हॅलिडेटर आहे. आपलं गो-नो गो गेज. आणि माझी पहिली तक्रार इथंच आहे. गेज नाव बघतं, रकाने बघतं. स्कॅनच्या वेळी माणसानं डोकं हलवलं का, जुन्या फाइलीतून आणताना डावं-उजवं उलटलं का, हे त्याला कळत नाही. चित्राचा दर्जा तपासायला एमआरआयक्यूसीसारखी वेगळी साधनं आहेत, नाही असं नाही. पण ‘बिड्समध्ये आहे’ हे वाक्य लोक ‘तपासलेलं आहे’ अशा थाटात म्हणतात. तुमच्याकडं सगळी मापं ओके आली तरी तुम्ही स्टीलचा हीट नंबर मागताच ना?

दुसरी तक्रार जास्त खोल आहे. माणसांच्या यादीत बिड्स वय, लिंग आणि हात डावरा की उजवा, हे रकाने सुचवतं. हात विचारतं, ते योग्यच. मेंदूत भाषा कुठल्या बाजूला बसते याच्याशी त्याचा संबंध आहे. पण भाषा कुठली, किती, शिक्षण किती, हे विचारत नाही. आता चाकणचा एखादा ऑपरेटर घ्या. घरी मराठवाडी बोली, लाइनवर हिंदी, भिंतीवरची सूचना इंग्रजीत, शिक्षण आयटीआय. त्याच्या मेंदूचं चित्र काढताना हे सुचवायच्या लायकीचंही नाही? बचाव असा की रकाना तुमचा तुम्ही वाढवा, मुभा आहे. आहेच. मग एक लॅब लिहिते ‘१०’, दुसरी ‘आयटीआय’, तिसरी ‘माध्यमिक’. म्हणजे जिथं आपल्याला मानकाची खरी गरज, तिथंच पुन्हा ‘फायनल २’. मेंदूच्या नकाशाचंही तेच झालं होतं. सगळीकडं माँट्रियलचा, १५२ जणांच्या स्कॅनवरून केलेला साचा चालतो. हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं १०० भारतीयांच्या स्कॅनवरून वेगळा नकाशा केला, तेव्हा फरक मापात दिसला.

तिसरी गोष्ट वाटून घेण्याची. ओपनन्यूरोवर डेटा ठेवायचा तर हक्क सोडून ठेवावा लागतो; कुणीही, कशासाठीही वापरावा. विज्ञानासाठी उत्तम. पण एमआरआयमध्ये चेहराही येतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांचे चेहरे स्कॅनवरून उभे केले आणि चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं ७० जणांना त्यांच्या फोटोशी बरोबर जुळवलं. म्हणून चेहरा पुसून डेटा देतात. पुसायचं काम मात्र देणाऱ्यावर. कंत्राटी कामगाराची सही फॉर्मच्या शेवटच्या ओळीवर घेतली जाते, तेव्हा हे त्याला मराठीत कुणी सांगितलं का, याचा रकाना मला कुठं सापडला नाही. डोक्याला मार लागलेला माणूस परत मशिनवर उभा राहू शकतो का, हे मालकाला कळलं तर काय होतं, ते इथं मी सांगायची गरज नाही.

आणि थोडं घरचं. माझ्या मेहुण्याला नाशिक रस्त्यावर अपघात झाला. एका ठिकाणी काढलेल्या एमआरआयची सीडी दुसऱ्या हॉस्पिटलात उघडलीच नाही. पुन्हा स्कॅन, पुन्हा पैसे, आणि अर्धा दिवस बाहेरच्या बाकावर. हॉस्पिटलांसाठी डायकॉम १९९३ पासून आहे. आरोग्य नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र तर आपल्या पुण्यात, सी-डॅकमध्ये. मानकाची कमतरता नव्हतीच. सीडी हातात देताना ती उघडते का, हे बघणारा माणूस त्या खिडकीवर नव्हता. तुमच्याकडं असा माल इनवर्डलाच परत गेला असता.

प्रश्न विचारा आता. वैद्यकीय क्षेत्रातले कुणी असतील तर आधी त्यांनी, माझं चुकलं असेल तर तेच सांगतील.