लेखकाची जात आणि वाचनाची निवड : बाबुराव बागूल यांच्या कथेच्या संदर्भात

अभ्यासक्रमात कोणते पुस्तक लावावे हे ठरविताना लेखकाची जात लक्षात घ्यावी काय? अमेरिकेत हाच प्रश्न वंशाच्या संदर्भात विचारला जातो. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या 'दलित पँथर'ने आपले नाव तेथील 'ब्लॅक पँथर'वरून घेतले, तर डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा मराठीतून परिचय करून दिला. त्यामुळे ही तुलना मराठवाड्यातील अभ्यासकांना नवी नाही. प्रस्तुत लेखात बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या संग्रहातील शीर्षककथेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

निवड केवळ गुणवत्तेवर व्हावी, असा आक्षेप घेतला जातो. तत्त्वतः तो योग्यच आहे. परंतु जे पुस्तक उघडलेच गेले नाही, त्याची गुणवत्ता कळणार कशी? १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारताना महात्मा फुले यांनी उच्चवर्णीयांच्या ग्रंथांचा शूद्रातिशूद्रांच्या जीवनाशी मेळ बसत नाही, हे स्पष्टपणे मांडले होते. जात न विचारता झालेली निवडही जातिनिरपेक्ष नव्हती, हाच त्याचा अर्थ होय.

तथापि पुस्तक निवडल्यानंतर दुसरा धोका संभवतो. तत्कालीन परभणी जिल्ह्यातील सातोना येथे जन्मलेले बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांचे आडनाव कुलकर्णी. मात्र त्यांचा अभ्यास 'ब्राह्मण लेखक' म्हणून होत नाही. कवी, कथाकार, कादंबरीकार म्हणून होतो, आणि ते रास्तच आहे. बागूल यांच्या वाट्याला हा मोकळेपणा क्वचितच येतो. त्यांची कथा पुष्कळदा वेदनेचा दस्तऐवज म्हणून वाचली जाते. 'दलित साहित्य' ही संज्ञा लेखकांनीच स्वाभिमानाने स्वीकारलेली आहे. दोष संज्ञेचा नसून तिच्यापाशीच थांबणाऱ्या वाचनाचा आहे.

या वाचनावरील उत्तर खुद्द कथेतच सापडते. रेल्वेतील नोकरीसाठी परगावी गेलेला निवेदक राहण्यास जागा मिळावी म्हणून जात लपवितो. जात कळेपर्यंत त्याच्या विद्वत्तेचा आदर होतो; कळताच त्याच माणसाला मारहाण होते. माणूस तोच, विद्वत्ता तीच. बदलते ती पाहणाऱ्याची दृष्टी. जात चोरल्याचा कबुलीजबाब वाटावा असे शीर्षक घेऊन आलेली ही कथा अखेरीस विचारणाऱ्यालाच आरोपी ठरविते. आपणास मारले ते या माणसांनी नव्हे, मनूने, ही निवेदकाची अखेरची जाणीव संतापाला व्यक्तीकडून व्यवस्थेकडे वळविते. प्रथमपुरुषी निवेदनामुळे वाचकही या लपविण्यात सहभागी होतो आणि उघड होण्याचे भय स्वतः अनुभवतो. हे सामर्थ्य कलेचे आहे. केवळ अनुभवाच्या सच्चेपणाने त्याचा उलगडा होत नाही.

तात्पर्य, निवड करताना लेखकाची जात विचारणे आवश्यक आहे, कारण आजवर कोण वगळले गेले हे त्याशिवाय दिसत नाही. मात्र पुस्तक वर्गात आल्यानंतर त्याला इतर कोणत्याही श्रेष्ठ कृतीला विचारले जाणारे प्रश्नच विचारले पाहिजेत. बागूल यांच्या कथेवर 'दलित जीवनाचे चित्रण स्पष्ट करा' एवढाच प्रश्न परीक्षेत येत असेल आणि निवेदन, रचना, भाषा यांविषयी काहीच विचारले जात नसेल, तर कथेतील घरमालकाचाच प्रश्न विद्यापीठीय भाषेत पुन्हा विचारला जात आहे, असे म्हणावे लागते.