पल्स ऑक्सिमीटर : अचूकतेचे प्रमाण कोणाचे?

एखाद्या उपकरणाचे मूल्यमापन करताना ते काय मोजते एवढेच पाहून भागत नाही. ते कोणाला प्रमाण मानून मोजते, हेही तपासणे अगत्याचे असते. बोटाला चिमट्यासारखे लावावयाचे पल्स ऑक्सिमीटर हे या दृष्टीने विचारणीय साधन होय. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आरोग्य-पथके ते घेऊन घरोघर गेली, आणि त्या काळात पुष्कळ घरांत थर्मामीटरशेजारी त्यालाही स्थान मिळाले.

त्यामागील कल्पना निःसंशय असामान्य आहे. जपानमधील निहोन कोहडेन या कंपनीतील ताकुओ आओयागी हे हृदयातून वाहणाऱ्या रक्ताचे मान रंगद्रव्याच्या साहाय्याने मोजू पाहत होते. नाडीच्या ठोक्यांमुळे त्या मोजणीत व्यत्यय येई. हा व्यत्ययच उपयोगाचा आहे हे त्यांनी ओळखले आणि १९७४ साली आपली पद्धती मांडली. तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवावयाचे. ठोक्यासरशी बदलणारा भाग धमनीतील रक्ताचा, न बदलणारा भाग त्वचा, मांस इत्यादींचा, असे पृथक्करण करावयाचे. आणि दोन्ही प्रकाशांच्या शोषणाच्या गुणोत्तरावरून प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिनचे शेकडा प्रमाण काढावयाचे. या युक्तिवादानुसार त्वचेचा वर्ण आपोआप वजा व्हावयास हवा.

वस्तुतः तो पूर्णपणे वजा होत नाही. शिवाय गुणोत्तरापासून आकड्याकडे जाणारा मार्ग केवळ सिद्धान्ताने ठरत नाही. निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायू असलेल्या हवेत श्वास घ्यावयास लावून, त्यांच्या धमनीतील रक्ताशी ताडून तो आखला जातो. हे स्वयंसेवक कोण, हा प्रश्न म्हणूनच उपकरणाच्या रचनेतच अंतर्भूत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार चाचणीस १० व्यक्ती पुरेशा होत्या. त्यांत गडद वर्णाच्या व्यक्ती किमान २ किंवा १५ टक्के, यांपैकी जी संख्या मोठी असेल तितक्या, अपेक्षित होत्या.

याचा परिणाम डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी आकड्यांनिशी दाखविला. उपकरण ९२ ते ९६ टक्के दाखवीत असता धमनीतील प्रत्यक्ष प्रमाण ८८ टक्क्यांहून कमी असल्याचे कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के मोजण्यांत आढळले. गौरवर्णीयांत हेच प्रमाण ३.६ टक्के होते. ही चूक आश्वासनाच्या बाजूने होते, हे विशेष चिंताजनक होय. कारण प्राणवायूची गरज असलेला रुग्ण तिच्यामुळे घरी परतविला जाऊ शकतो. या दोषाची सूचना १९९० च्या एका अभ्यासातही मिळालेली होती. मधली तीन दशके हा केवळ तांत्रिक विलंब मानता येणार नाही.

कुशल वैद्य एकट्या आकड्यावर विसंबत नाही, असा आक्षेप येथे संभवतो. रुग्णालयापुरता तो मान्य करावा लागेल. परंतु घरी वैद्य नसतो; आकडा तेवढा असतो. उपकरणाने ९० दाखविल्यास खरे प्रमाण सामान्यतः ८६ ते ९४ च्या दरम्यान असते, असे त्याच प्रशासनाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. पडद्यावर मात्र ९० एवढेच उमटते. हा दोष प्रकाशाचा नव्हे, मांडणीचा आहे. सुटसुटीतपणाच्या हौसेपायी संशय झाकला गेला, आणि निश्चिततेचा आभास हाच विक्रीचा गुण ठरला.

जानेवारी २०२५ च्या मसुद्यात चाचणीसाठी १५० वा अधिक व्यक्ती घेण्याचे आणि त्वचावर्णाच्या सर्व छटांचा समावेश करण्याचे सुचविण्यात आले, हे स्वागतार्हच होय. अमेरिकेतील आकडे भारतीय त्वचेला जसेच्या तसे लावणे अशास्त्रीय ठरेल. परंतु नेमक्या याच कारणाने, येथे विकल्या जाणाऱ्या साधनाची परीक्षा कोणावर झाली हे त्याच्या वेष्टनावर छापले जाणे, आणि ती परीक्षा येथील लोकांवरही होणे, ही किमान अपेक्षा आहे. ज्यांच्यावर मापन पारखलेच गेले नाही, त्यांच्यासाठी ते अचूक आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही निर्मात्यास पोहोचत नाही.