सह्या बदलल्या, खाते तेच

आमच्या बँकेत सोसायट्यांची खाती असतात. चेअरमन बदलतो, सेक्रेटरी बदलतो, नमुना सह्यांचे नवे कार्ड येते. खाते मात्र तेच. अमेरिकेतला 'पेट्रा' हा ख्रिस्ती रॉक बँड असाच. ग्रीकमध्ये पेट्रा म्हणजे खडक. पण या खडकावर माणसे नायगाव स्टेशनातल्यासारखी चढली-उतरली!

गिटारवाल्या बॉब हार्टमनने १९७२ मध्ये तो काढला. ग्रेग व्होल्झचा गोड, उंच गळा गेला. १९८६ मध्ये जॉन श्लिटचा खरखरीत आला. जुने श्रोते कुरकुरले, "पूर्वीची मजा नाही!" अहो, उमेळ्यात चर्चच्या गायकांबद्दलही हेच ऐकू येते! पण 'बियाँड बिलीफ'ने (१९९०) ग्रॅमी मिळवलेच.

कारण गळा बदलला, तरी गाणी लिहिणारा हार्टमन जागेवर होता. १९९५ मध्ये तो दौऱ्यांतून बाजूला झाला. १९९८ चा 'गॉड फिक्सेशन' मला इस्त्रीच्या शर्टासारखा वाटतो : सुरकुती नाही, आणि आत माणूसही नाही. २००३ मध्ये 'जेकिल अँड हाइड'साठी तो परतला, तशी गिटार पुन्हा गुरगुरली. २००५ मध्ये बँडने निरोप घेतला. पुढे अधूनमधून व्यवहार झाले.

तेव्हा सह्या खुशाल बदला. खात्यात भरणा कोण करतो, तेवढे पाहा.