फाल्गुनरावाची फ्रेंच तसबीर

फ्रेंच संस्कृतीचा परिचय व्हावयाचा तर पॅरिसची कलादालने पाहावयास हवीत, असे म्हणतात. तलमडुगुच्या वाचकाला ती कोठून दिसणार? परंतु ‘संशयकल्लोळ’ आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याचे मूळ मोलिएरच्या १६६० मधील ‘स्गानारेल’मध्ये आहे. त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ साली इंग्रजी नाटक रचले. त्या इंग्रजीवरून देवलांनी आपले, प्रथम गद्य (१८९३), पुढे संगीत (१९१६).

मूर्च्छित तरुणी, तिच्या हातून पडलेली प्रियकराची तसबीर, ती उचलणारी पत्नी आणि संशयाने पेटलेला पती, ही गुंफण मोलिएरचीच. त्याचा स्गानारेल सूडासाठी चिलखत चढवून येतो आणि ऐन वेळी कच खातो. ही धार फाल्गुनरावात नाही, हे मान्य करावे लागेल. मात्र मोलिएरच्या नायिकेची अडचण एवढीच, की बापाने दुसरा वर योजला आहे. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी. तिच्यावरील संशयाला तसबिरीची गरजच नाही. तो जन्माबरोबर आलेला आहे. म्हणूनच अश्विनशेठ डळमळतो तेव्हा आपले (निदान माझे) हसू अडखळते. देवलांना निव्वळ रूपांतरकार म्हणणाऱ्यांनी रेवतीचे प्रवेश पुन्हा वाचावेत.