हलबीचा 'चो'

रायपुरात आम्हा मराठी माणसांत बस्तरच्या हलबीचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं : ती आपलीच बोली. या समजुतीला जुना आधार आहे. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठी खंडात, १९०५ साली, हलबीचे नमुने छापले गेले.

हरिहर वैष्णव आणि ख्रिस ग्रेगरी यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेला गुरुमाय सुकदईंचा 'लछमी जगार' मराठीत आणू लागले, तेव्हा ही जवळीकच आड आली. 'गेलो'सारखी रूपं जशीच्या तशी उतरतात आणि अनुवाद झाल्याचा भास होतो. षष्ठीच्या 'चो'पाशी मात्र हात थांबतो. 'मोचो' म्हणजे माझा, माझी की माझं, हे हलबी विचारत नाही. मराठीला ते सांगावंच लागतं. लछमी ही भाताची देवी आणि भातही तीच. मराठीत भात 'तो'. मी 'साळ' हा शब्द घेतला. देवी 'ती' राहिली, पण मुळात नसलेलं लिंग धान्याला चिकटलं.

पामीरमधल्या शुघ्नी आणि वाखी या ताजिकहून वेगळ्या भाषा. तरी त्यांचे भाषक शिरगणतीत ताजिकच ठरतात. आपल्याकडे २०११च्या जनगणनेत हलबी स्वतंत्र नोंदली गेली : ७,६६,२९७ भाषक. म्हणजे नाव पुसायला सरकारच लागतं असं नाही. 'आपलीच' म्हणणारा शेजारीही पुरतो. धनकुलाच्या साथीने रात्रीमागून रात्री गाणाऱ्या गुरुमाय कुणाची पोटभाषा गात नाहीत. म्हणून माझ्या अनुवादाच्या पहिल्या पानावर 'बोलीतून' नाही, 'हलबी भाषेतून' असेल.