साक्ष आणि स्मृती : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील परिवर्तनाचा रूपबंध

१

धर्मांतर ही एका क्षणी घडणारी घटना आहे की दीर्घकाळ चालणारी प्रक्रिया आहे, हा प्रश्न धर्मशास्त्राच्या अभ्यासकाइतकाच आत्मचरित्राच्या समीक्षकालाही महत्त्वाचा वाटायला हवा. शुभवर्तमानावर श्रद्धा ठेवल्याने मनुष्य ‘नवा’ होतो, हे ख्रिस्ती श्रद्धेचे मूलभूत प्रतिपादन आहे. परंतु आत्मकथनात हे प्रतिपादन नुसते उच्चारून चालत नाही. जुना ‘मी’ आणि नवा ‘मी’ यांतील अंतर वाचकाला प्रतीत व्हावे लागते. आणि गंमत अशी, की हे अंतर सांगणारा निवेदक नेहमी नव्या ‘मी’च्या बाजूचाच असतो. जुन्या ‘मी’ला स्वतःची बाजू मांडण्याची संधी नसते. ‘साक्ष’ या कथनप्रकाराची सारी वाङ्मयीन अडचण येथे आहे.

या प्रकाराला युरोपीय परंपरेत दोन ठळक आदर्श लाभले आहेत. दिमिष्काच्या वाटेवर पौलाला झालेले दर्शन हा पहिला आणि इ. स. ३८६ मध्ये मिलान येथील बागेत ऑगस्टिनने घेतलेला निर्णय हा दुसरा. दोन्हींत एक क्षण कथेचे दोन भाग पाडतो. विल्यम जेम्स यांनी १९०२ मधील ‘द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्स्पिरिअन्स’ या ग्रंथात आकस्मिक परिवर्तनाबरोबरच क्रमशः होणाऱ्या परिवर्तनाचीही दखल घेतली आणि धार्मिक अनुभवाची पारख त्याच्या उगमावरून न करता त्याच्या फलितावरून करावी, असा निकष मांडला. तरीही मिशनरी साहित्याने साक्षीचा जो साचा रूढ केला त्यात क्षणालाच प्राधान्य राहिले.

मराठीत हा साचा रिकाम्या जागेत आला नाही. सतराव्या शतकातील बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनपर अभंगांत कौटुंबिक छळ, स्वप्नात लाभलेला गुरूपदेश आणि चित्ताचे पालटणे यांचे कथन आहेच. याशिवाय ‘पुनर्जन्म’ आणि ‘द्विज’ या दोन्ही कल्पना मराठी भाषेत आधीपासून रुजलेल्या होत्या. योहानकृत शुभवर्तमानात निकदेमाला सांगितलेला नवा जन्म जेव्हा मराठीत अवतरतो, तेव्हा तो अशा समाजात अवतरतो जेथे दुसरा जन्म हा उपनयनाने मिळणारा अधिकार आहे आणि तो अधिकार माणसांना परस्परांपासून वेगळे करतो. स्त्रीला तर तो जन्मही स्वतंत्रपणे नाही. मनुस्मृतीने विवाह हाच तिचा उपनयनसंस्कार मानला आहे. म्हणून मराठी ख्रिस्ती आत्मकथनात ‘नवा जन्म’ ही केवळ आध्यात्मिक संज्ञा राहत नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाच्या पंक्तीला बसावे, या प्रश्नांपर्यंत ती अपरिहार्यपणे पोचते. परिवर्तनाचा वाङ्मयीन पुरावा तेथेच शोधावा लागतो.

२

बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ (१८८८) हे मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक. १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतलेल्या या लेखकाने आपली वाटचाल अंधाराकडून प्रकाशाकडे अशी योजली आहे. ग्रंथनामच त्या योजनेचे द्योतक आहे. परंतु अरुणोदय हे रूपक बारकाईने पाहिले तर क्षणाचे नाही. पहाट हळूहळू होते. प्रत्यक्ष ग्रंथातही निवेदक बाप्तिस्म्याकडे सरळ जात नाही. घरातील धर्माचरण, मिशनच्या शाळेतील शिक्षण, परमहंस सभेशी आलेला संबंध आणि मनाची दीर्घ द्विधावस्था असे अनेक टप्पे मध्ये येतात.

यांतील परमहंस सभेचा टप्पा विशेष बोलका आहे. जातिभेद अमान्य असलेले हे सुधारक गुप्तपणे एकत्र येत आणि जातीचे निर्बंध मोडून खात. बाहेर मात्र जातीत राहत. म्हणजे विचाराने झालेला पालट त्यांच्यापाशी होता, परंतु आचाराला तो उघडपणे शिवत नव्हता. पदमनजींच्या दृष्टीने शुभवर्तमानावरील श्रद्धेचा विशेष या पार्श्वभूमीवर स्पष्ट होतो : ती गुप्त राहू शकत नाही. पटणे आणि उघडपणे कबूल करणे यांतील अंतर जेथे संपते, तेथे त्यांचे परिवर्तन पूर्ण होते.

मात्र ‘अरुणोदया’त एक अंतर्विरोध आहे. निवेदकाने ज्या जगाचा त्याग केला त्या जगाचे वर्णन जितके जिवंत आहे तितके स्वीकारलेल्या जगाचे नाही. व्रते, पूजा, श्रद्धा आणि भीती यांनी भरलेले बालपण तपशिलांनी समृद्ध आहे. नव्या जीवनाच्या वर्णनात मात्र तपशिलाची जागा प्रतिपादन घेऊ लागते. टाकलेले आयुष्य स्मृतीच्या भाषेत येते, स्वीकारलेले आयुष्य प्रवचनाच्या. साक्षीच्या साच्याची मर्यादा येथे उघड होते.

३

पंडिता रमाबाईंनी या साच्याला आतून वाकवले. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. परंतु १९०७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आणि मराठी वाचकांना ‘माझी साक्ष’ या नावाने परिचित असलेल्या निवेदनात त्या बाप्तिस्म्याला कथेचा कळस मानत नाहीत. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता, असा भेद त्या करतात आणि ती प्राप्ती बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास ठेवतात. एका धर्मांतराच्या आत दुसरे धर्मांतर, अशी ही रचना आहे.

रमाबाईंच्या कथनात परिवर्तनाचा आरंभ सिद्धान्तापासून होत नाही. कलकत्त्यात धर्मशास्त्रांचे वाचन करताना स्त्रिया आणि शूद्र यांच्या मोक्षाविषयीची मते त्यांना अस्वस्थ करतात. पुढे लंडनमधील फुलहम येथे पतित मानलेल्या स्त्रियांसाठी चाललेले काम पाहून त्या विचारतात, की या स्त्रियांविषयी एवढी करुणा येते कोठून? उत्तरादाखल त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा ऐकवली जाते. म्हणजे कृती आधी दिसते, तिचे कारण नंतर कळते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळपीडित स्त्रियांना आणि मुलींना मिळालेला आश्रय हे या क्रमाचेच पुढचे पाऊल ठरते.

तरीही येथे समीक्षकाने सावध राहणे आवश्यक आहे. बाप्तिस्म्यानंतरच्या वर्षांत सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाई चर्चच्या अधिकाराविषयी आणि मतप्रणालीविषयी निर्भीडपणे वाद घालताना दिसतात. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ‘साक्षी’त याच वर्षांना अपुरेपणाची छटा येते, पत्रांत मात्र तीच वर्षे बौद्धिक स्वातंत्र्याची दिसतात. गौरी विश्वनाथन यांनी ‘आउटसाइड द फोल्ड’ (१९९८) या ग्रंथात धर्मांतराकडे समाजाची आणि सत्तेची चिकित्सा करणारी कृती म्हणून पाहिले, त्याला रमाबाईंची ही पत्रे भक्कम आधार पुरवतात. पण पत्रे खरी आणि साक्ष खोटी, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. प्रश्न विचारणाऱ्या रमाबाई आणि शरण जाणाऱ्या रमाबाई यांना एकत्र धारण करील असा रूपबंध साक्षीच्या साच्यापाशी नव्हता, एवढेच यातून सिद्ध होते.

४

असा रूपबंध सापडतो तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या या आत्मचरित्राचा गौरव मराठी समीक्षेने प्रांजळपणा, विनोद आणि घरगुती भाषा या गुणांसाठी केला. तो यथार्थच आहे. परंतु या गौरवात लक्ष्मीबाईंची श्रद्धा बहुधा पार्श्वभूमीला ढकलली जाते. जणू पुस्तक ख्रिस्ती असूनही चांगले आहे! हा वाचनव्यवहार संहितेवर अन्याय करणारा आहे. कारण त्या प्रांजळपणाचा आणि त्या श्रद्धेचा संबंध आंतरिक आहे.

पुस्तकाचा आरंभच लक्षणीय आहे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे पराकोटीचे वेड होते आणि त्या वेडाच्या छायेत सारे घर वावरत होते. पुढील साऱ्या परिवर्तनाचे मोजमाप या आरंभावरून करायचे आहे, हे लेखिका कोठेही सांगत नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. साक्षीच्या साच्यात हा कळसाचा प्रसंग झाला असता. येथे तो मागे राहिलेल्या पत्नीच्या बाजूने, आघात म्हणून येतो. एकाचा नवा जन्म दुसरीला जिवंतपणी वैधव्याच्या जवळ नेतो. ख्रिस्ती श्रद्धेने लिहिलेल्या ग्रंथात या दुःखाची किंमत कमी केली जात नाही, ही या लेखनाची पहिली कसोटी आणि पहिले यश.

काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या त्या आपला धर्म सांभाळून. त्यांचे सोवळे, त्यांचे वेगळे अन्नपाणी टिळकांनी मान्य केले. त्यामुळे पत्नीने केवळ पतीचे अनुसरण केले, हा आक्षेप येथे टिकत नाही. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने येतात आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास मोकळ्या होतात. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये येतो. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. साच्यात श्रद्धा आधी आणि आचार मागाहून. येथे पाण्याचा प्रश्न आधी सुटतो आणि श्रद्धेची कबुली त्याच्या मागून येते. नेमका कोणता क्षण परिवर्तनाचा, हे वाचकाला बोट ठेवून दाखवता येत नाही. परंतु परिवर्तन झाले आहे याविषयी शंकाही उरत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे काय बदलले नाही, हेही ‘स्मृतिचित्रे’ सांगते. टिळकांचा तापटपणा, विसराळूपणा, पैशाविषयीची बेफिकिरी बाप्तिस्म्यानंतरही कायम राहते. साक्षीच्या लेखकाने हे झाकले असते किंवा त्यावर पश्चात्तापाचे पांघरूण घातले असते. लक्ष्मीबाई त्यावर हसतात. त्यांच्या लेखी श्रद्धेने स्वभाव पुसला जात नाही. त्याच स्वभावाला निराळी दिशा मिळते. कोणालाही सर्वस्व देऊन टाकणारा टिळकांचा उतावळेपणा घराला अडचणीत आणतो आणि तोच निराश्रितांना घरात आणतो. बालकवींसारखा हिंदू तरुण कवी या घरात आपलेपणाने राहतो. त्याने ख्रिस्ती व्हावे, ही त्या जिव्हाळ्याची अट नसते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारू पाहणाऱ्या टिळकांच्या मागेही हाच स्वभाव आहे.

यावर असे म्हणता येईल, की बदललेल्या आणि न बदललेल्या गोष्टी सारख्याच मोकळेपणाने सांगणे हे केवळ लेखिकेचे व्यक्तिवैशिष्ट्य आहे. त्याचे श्रेय श्रद्धेला का द्यावे? परंतु सोवळ्याच्या घरात वाढलेली, लपवणे आणि जपणे हाच धर्म म्हणून शिकलेली स्त्री आपले अज्ञान, आपली भांडणे, आपली भीती उघडपणे मांडते, तेव्हा ‘व्यक्तिवैशिष्ट्य’ हे उत्तर पुरेसे होत नाही. आपण आधीच क्षमा केलेली माणसे आहोत, असा विश्वास असल्याखेरीज स्वतःकडे इतक्या निर्भयपणे पाहता येत नाही. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण करणारी कवयित्री आणि ‘स्मृतिचित्रे’ची लेखिका या दोन निराळ्या व्यक्ती नाहीत, हे समीक्षेने लक्षात घ्यायला हवे.

५

तीन ग्रंथांची ही तुलना कालक्रमाने होणाऱ्या विकासाची कथा म्हणून वाचू नये. पदमनजींना उघड कबुली देणे आवश्यक होते, कारण त्यांच्याभोवतीची सुधारणा गुप्ततेत अडकली होती. रमाबाईंना धर्म आणि ख्रिस्त यांत भेद करणे आवश्यक होते, कारण दोन्ही बाजूंचे धर्माधिकारी त्यांच्यावर हक्क सांगत होते. लक्ष्मीबाईंना यांपैकी काहीच सिद्ध करावयाचे नव्हते, म्हणून त्या सर्वाधिक पटवून देऊ शकल्या. परिवर्तन जेथे विधानातून व्यक्त होते तेथे ते लेखकाच्या शब्दावर विसंबून राहते. जेथे ते स्वयंपाकघरातून, पाण्याच्या भांड्यातून आणि विनोदातून व्यक्त होते तेथे वाचक स्वतःच त्याचा साक्षीदार होतो.

मराठी समीक्षेपुढील काम यातून स्पष्ट होते. ख्रिस्ती आत्मकथनांकडे एकतर प्रचारसाहित्य म्हणून पाहायचे किंवा त्यांतील श्रद्धा वजा करून उरलेल्या भागाला साहित्य म्हणायचे, हे दोन्ही मार्ग अपुरे आहेत. श्रद्धा मान्य असणे ही वाचनाची पूर्वअट नाही; पण ती संहितेच्या घडणीत काय करते हे पाहणे ही समीक्षेची जबाबदारी आहे. ‘स्मृतिचित्रे’पुरते बोलायचे तर तिच्या भाषेतील मोकळेपणाचे मूळ त्या श्रद्धेत आहे, आणि ते वगळून केलेला या पुस्तकाचा गौरव अर्धाच राहतो.